गाण्यातला थांबा

कार्यक्रम दुपारी चारचा ठेवायचा, हे चाहत्यांनीच ठरवलं होतं. एके काळी हीच मंडळी मैदानाच्या खांबांवर चढून पहाटेपर्यंत ओरडायची. आता त्यांना जेवल्यावर गोळ्या घ्यायच्या असतात, परतीची बस गाठायची असते आणि घरी नातवंडं दाराकडे डोळे लावून बसलेली असतात. काळे टीशर्ट मात्र तेच होते. पोटावर ताणले गेल्यामुळे बँडचं नाव आता दुरूनही वाचता यायचं.

"चार ही काय वाजवायची वेळ आहे?" ड्रमरबाबा दौऱ्याच्या पहिल्या दिवसापासून कुरकुरत होते. "जेवण झाल्यावर माणसानं आडवं व्हायचं, की ढोल बडवायचे?"

"तू तसाही झोपेतच बडवतोस," घसाकाका म्हणायचे, आणि दोघं म्हातारे असे हसायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, यात नक्की काहीतरी मुरलंय.

घसाकाका म्हणजे बँडचे गायक. त्यांचं खरं नाव पोस्टरवर होतं, पण मंडळी त्यांना घसाच म्हणत, कारण दिवसभर तोच त्यांचा विषय असायचा. घशाला वाफ, घशाला मफलर, घशाला पंखा नको. त्यांची बायको, म्हणजे काकू, दौऱ्यावर येत त्या घशासाठीच. "लग्न माणसाशी केलं," त्या म्हणायच्या, "संसार घशाशी केला."

यंदाच्या दौऱ्यात काकूंकडे आणखी एक काम आलं होतं: घुबड. घुबड म्हणजे ड्रमरबाबांची नात, सहा महिन्यांची. दिवसा कुठेही टाका, ड्रमच्या खोक्यावर, कोटांच्या ढिगाऱ्यात, गाढ झोपायची. दिवे मालवले की टक्क डोळे. बाबांनीच तिचं नाव घुबड ठेवलं होतं, आणि ते इतकं चपखल होतं की तिचं कागदावरचं नाव आठवायला तिच्या आईलासुद्धा क्षणभर थांबावं लागे.

त्या आईची, ड्रमरबाबांच्या लेकीची, ही गोष्ट.

लेक रंगमंचाच्या उजव्या कोपऱ्यात, काळ्या पडद्याआड, लॅपटॉपसमोर बसायची. तिचं काम सांगायला सोपं होतं. लॅपटॉपमधून एक टिकटिक निघायची, ती फक्त बँडवाल्यांच्या कानातल्या बोंडांत ऐकू जायची. तिला हे लोक क्लिक म्हणतात. त्या टिकटिकीवर सगळे वाजवणार, आणि त्याच टिकटिकीला दिवे आणि मागच्या मोठ्या पडद्यावरची चित्रं बांधलेली. कुणी पुढे पळालं, कुणी मागे राहिलं, की लाल दिवा लागायचा तेव्हा निळा लागणार. लॅपटॉपशेजारी एक छोटा माइक होता. त्याचं बटण दाबून ती बोलली की तिचा आवाज बाबांच्या कानात जाई, इतर कुणाला ऐकू येत नसे. "बाबा, पुढचं गाणं जरा हळू आहे हं." "बाबा, पाणी पी." एवढंच.

बाळंतपणानंतर तिने हे काम घेतलं, कारण नवरा दूरच्या नोकरीवर आणि घरी एकटीने घुबडाला सांभाळणं म्हणजे भिंतीशी बोलायची वेळ. इथे निदान माणसं होती. पण थकवा काही कमी झाला नव्हता. तो आता तिच्या अंगाचाच एक भाग झाला होता, ओला टॉवेल खांद्यावर टाकून विसरावा तसा. डाव्या खांद्यावर तर खराच टॉवेल असायचा, दुधाचा आंबूस वास येणारा, आणि तो घेऊनच ती कामाला बसायची.

परवा मॅनेजर तिच्याकडे आला होता. हा नवा. जुना मॅनेजर गेला तेव्हा बँड मोडायच्या बेतात होता. यानेच दुपारचे कार्यक्रम, नवे दिवे, नवा पडदा असं सगळं जमवून आणलं. माणूस वाईट नव्हता. ड्रमरबाबांना दादा म्हणायचा. फक्त चालताना बोलायचा, आणि बोलताना घड्याळ बघायचा.

"ताई, बाकी सगळी गाणी दादा क्लिकवर बरोबर वाजवतात. त्या एका गाण्यात माझी वाट लावतात."

"थांब्याला," लेक म्हणाली.

"थांब्याला. मागच्या गावात पडद्यावर सूर्य उगवून डोक्यावर आला, तरी दादा गप्प. त्याच्या आधीच्या गावात हे आधीच सुटले, सूर्य आला मागून, लाजत लाजत. लोक हसतात हो."

"लोक हसत नाहीत. लोक डोळे मिटून असतात."

"माझे उघडे असतात ना!" तो घड्याळाकडे बघत म्हणाला. "हे बघा, आता पुढच्या गावचा कार्यक्रम शेवटचा संधीकाल. म्हणजे काय म्हणतात ते, शेवटची संधी. थांब्याला दादा क्लिकवर आले तर ठीक. नाही तर त्याच्या पुढच्या गावापासून ड्रमवर मी बघून ठेवलेली ती नवी पोरगी बसेल. तयार आहे ती, सगळी गाणी पाठ आहेत. तुम्हीच सांगा त्यांना. माझं ऐकून ते कानातली बोंडं काढून ठेवतील. तुमचं ऐकतील."

ते पुढचं गाव म्हणजे आजचं. आणि लेकीने बाबांना अजून काही सांगितलं नव्हतं. काल सांगणार होती, प्रवासात. पण बाबा गाडीत बसल्या बसल्या तोंड उघडं टाकून झोपले, आणि झोपलेल्या माणसाला उठवून वाईट बातमी द्यायची, हे तिच्याच्याने होईना. झोपेची किंमत आता तिला चांगलीच कळत होती.

*

त्या गाण्याचं नाव 'उजेड होईपर्यंत'. बँडने शंभर गाणी केली असतील, लोकांना हे एक हवं असायचं. बाकीची गाणी म्हणजे जेवणाआधीचं पाणी. सुरुवातीला गिटार एकटीच, कुणीतरी जिन्यावरून अनवाणी उतरतंय अशी. मग घसाकाकांचा आवाज, मग सगळे मिळून तो चढ, की ऐकणाऱ्याच्या छातीत काहीतरी दाराला धडका देतं. आणि शेवटच्या कडव्याआधी, ऐन चढाच्या टोकावर, सगळं बंद. गिटार नाही, गळा नाही, काही नाही. नुसती शांतता. ती संपते बाबांच्या दणक्याने. दोन्ही हात एकदम खाली, जणू वीज पडली. त्या दणक्यावर सगळे पुन्हा आत.

त्या शांततेला चाहते 'थांबा' म्हणत. रेकॉर्डवर तो थांबा ऐकून ऐकून त्यांना पाठ झालेला. कार्यक्रमात तो आला की अख्खं सभागृह श्वाससुद्धा दबकत घ्यायचं. आरडाओरडा करायला आलेली ही माणसं तेवढ्यापुरती गप्प व्हायची, आणि ज्याला जे सोडून गेलं त्याची त्यात आठवण काढायची. कुणाची आई, कुणाचा मित्र, कुणाचं मोडलेलं लग्न. थांबा कुणासाठी आहे यावर चाहत्यांत तीस वर्षं वाद होता. घसाकाकांची पहिली प्रेयसी म्हणत काहीजण. काहीजण म्हणत, बँडचा कुणी सोबती अपघातात गेला, त्याच्यासाठी. बँडने कधी होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. विचारलं की घसाकाका गंभीर चेहरा करून लांब कुठेतरी बघायचे आणि मफलर सारखा करायचे. झाकली मूठ.

पहिल्या रांगेतल्या मावशी तर सांगायच्या, मी याच थांब्यात ह्यांचा हात पहिल्यांदा धरला. 'हे' म्हणजे त्यांचे यजमान. दोघं प्रत्येक कार्यक्रमाला यायचे, चहाचा थर्मास घेऊन. यंदा मावशी एकट्याच येत होत्या. शेजारच्या खुर्चीचंही तिकीट काढत आणि तिच्यावर थर्मास ठेवत.

*

दुपारी रिकाम्या सभागृहात आवाजाची तपासणी चालू झाली. गिटारवाला आणि बेसवाला आपापल्या तारांशी खुडबुड करत होते. बाबा ड्रमच्या मागे बसून तिसरा चहा पीत होते. लेक जाऊन त्यांच्या पायाशी ठोकळ्यावर बसली.

"बाबा, एक विचारू? थांब्याला तू किती मोजतोस?"

"कुठे?"

"थांब्याला. मला लॅपटॉपात आकडा घालावा लागतो. मी आठ घातलाय. तू आठवर येत नाहीस. दहावरही येत नाहीस. नेमका कितीवर येतोस?"

बाबांनी कप काठीने वाजवला. "मोजत नाही गं मी."

"मग कसं कळतं?"

"नाही कळत. म्हणून तर रोज वेगळं होतं." मग तिच्या तोंडाकडे बघून म्हणाले, "काय झालंय? तू लहानपणी काच फोडलीस की असंच तोंड व्हायचं तुझं."

मग तिने सांगितलं. पोरीचं, पुढच्या गावाचं, सूर्याचं, सगळं. भराभर, एका दमात, इंजेक्शन देतात तसं. बाबा ऐकत राहिले. काठी पुन्हा कपावर वाजली नाही.

"चांगली वाजवते का ती पोरगी?" त्यांनी विचारलं.

"चांगली वाजवते."

"हं." त्यांनी कप खाली ठेवला. "ही बसायची जागा सोडून मला दुसरी बसायची जागाच माहीत नाही, तुला सांगतो. घरी सोफ्यावर बसलो तरी पाय खाली पेडल शोधतात." मग एकदम म्हणाले, "थांबा कुठून आला माहितीय तुला?"

"आई म्हणायची, तू माझ्यासाठी थांबलास. मी नुकती जन्मले होते ना, म्हणून."

बाबा हसले. खांदे हलेपर्यंत हसले. "तुझी आई जपून बोलायची बिचारी. अगं, झोप लागली होती मला."

"काय?"

"झोप! तू तीन आठवड्यांची. तूही घुबडच होतीस, हिने ते कुठून आणलं वाटतं तुला? तुझी आई तापाने फणफणलेली, म्हणून रात्रभर मी तुला खांद्यावर घेऊन फिरायचो, आणि दिवसा स्टुडिओ. तिथे गाण्यात नुसती दोन ठोक्यांची जागा होती. एक, दोन, की मी यायचं. मी डोळे मिटले ते मिटलेच. घसा तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघतोय, गिटारवाल्याचा हात वरच्या वर. काचेपलीकडच्या रेकॉर्डिंगवाल्याला वाटलं, यांनी काहीतरी नवं बसवलंय, म्हणून तो यंत्र बंद करेना. आणि मग मला स्वप्न पडलं की तू खांद्यावरून घसरतेयस. दचकून उठलो तो दोन्ही हात धाडकन खाली."

"तो दणका..."

"तो दणका दचकण्याचा आहे. लोक त्याला वीज म्हणतात." बाबांनी डोळे पुसले. "आम्ही म्हटलं, परत घेऊ. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, हात लावाल तर बघा. तेव्हापासून मी दर वेळी तिथे बसून झोपल्याचं सोंग करतो, आणि दचकायची वाट बघतो. आता दचकणं मोजून कसं येणार, तूच सांग?"

लेकीने हसू दाबायला टॉवेलचं टोक तोंडाशी धरलं. तीस वर्षं माणसं ज्या शांततेत आपापली गेलेली माणसं शोधत होती, ती तिच्या बापाची एक डुलकी होती.

"कुणाला सांगू नको," बाबा म्हणाले. "मावशींना तर अजिबात नको. घसा मला जिवंत सोडणार नाही." मग पाठ ताणत त्यांनी कानात बोंडं घातली. "आठ ना? आठ तर आठ. करून बघतो. जागा राहण्यासाठी माणूस काय काय करतो."

आठवर त्यांनी तीनदा करून बघितलं. तिसऱ्यांदा बरोबर जमलं. मॅनेजरने लांबून अंगठा दाखवला. पण त्या दणक्यात वीज नव्हती. सांगितलेल्या वेळी दाराची बेल वाजावी, तसं वाजलं ते. लेकीला ते कळलं, बाबांनाही कळलं.

उठताना बाबांनी एवढी मोठी जांभई दिली की जबडा कटकन वाजला.

"काल किती वाजता झोपलास तू?" लेकीने विचारलं.

"झोपलो की."

"घुबड?"

"घुबड आणि मी गप्पा मारत होतो. तू झोपली होतीस कुंभकर्णासारखी, बरं वाटलं बघून."

दौरा सुरू झाल्यापासून हेच चाललं होतं. लॉजवर पोचलं की बाबा दारात उभे राहून हात पुढे करायचे: "दे इकडे. तू झोप." ती 'नको, नको' म्हणायची, आणि दुसरा 'नको' पुरा व्हायच्या आत उशीवर असायची. दूध पाजायची वेळ झाली की बाबा दार वाजवायचे आणि हळूच म्हणायचे, "ऊठ गं, घुबड उठलं." पाजून झालं की पुन्हा घेऊन जायचे. भिंतीपलीकडून तिला झोपेत ऐकू यायचं, बाळाच्या पाठीवर बाबांची बोटं, थप थप, थप थप, 'उजेड होईपर्यंत'चा ठेका. त्या ठेक्यावर ती झोपायची. नात जागी, आजोबा जागे, आणि मधली पिढी ठार.

तिच्या मनात आलं, बाबांना घटकाभर पडून घे म्हणावं. पण तेवढ्यात दरवाजे उघडले.

*

माणसं आत आली ती आवाजासकट. गुडघ्यांचे आवाज, काठ्यांचे आवाज, "अरे तू! अजून जिवंत?" अशा आरोळ्या. कुणी कुणाला नव्या दाताचं कौतुक सांगत होतं. एका टकलू गृहस्थांनी लांब केसांचा टोप आणला होता, तो आळीपाळीने सगळ्यांच्या डोक्यावर फिरत होता. पहिल्या रांगेत मावशी आल्या, बसल्या, शेजारच्या खुर्चीवर थर्मास ठेवला आणि त्याचं झाकण नीट घट्ट केलं.

कार्यक्रम चांगला झाला. घसाकाकांचा घसा टिकला. लेकीने पडद्याआडून काम केलं, मधेच काकूंनी घुबडाला आणून दिलं, तिने टिकटिकीवर एक डोळा ठेवून पाजलं आणि परत दिलं. बाबा क्लिकवर अगदी घड्याळासारखे चालले होते. फक्त प्रत्येक दोन गाण्यांच्या मधे ते मान मागे टाकत आणि छताकडे बघत. सभागृह गरम होतं. दिवे तर भट्टीच. ऐन दुपारचं जेवण, तीन चहा कधीच जिरलेले.

मग गिटार जिन्यावरून अनवाणी उतरायला लागली, आणि एवढं मोठं सभागृह आईला बघून रडं थांबावं तसं झालं. आधी एक हुंदका, मग हसू. सगळे गात होते. मावशी गात होत्या, एका हाताने शेजारची खुर्ची धरून. चढ आला. चढाचं टोक आलं.

आणि थांबा.

लेकीचा डोळा लॅपटॉपवर होता. एक, दोन. सभागृह गप्प. चार, पाच. तिने बाबांकडे बघितलं. दोन्ही काठ्या मांडीवर, मान खाली, डोळे मिटलेले. सोंग छान वठलंय, तिला वाटलं. सात. आठ.

दणका आला नाही.

मोठ्या पडद्यावर सूर्याची कड वर आली. टिकटिक पुढे चालली होती. लेकीने बटण दाबायला हात नेला, आणि मग तिला बाबांचा खालचा ओठ दिसला. सुटलेला. आणि छाती, ती हळूहळू वर, हळूहळू खाली. घुबडाला पाजताना शेवटच्या घोटाला जशी होते, तशी.

सोंग नव्हतं ते.

समोर घसाकाका वळले. त्यांचं तोंड शेवटच्या स्वरावर उघडं राहिलं होतं. त्यांनी बाबांना बघितलं, मग पडद्याआडच्या लेकीला बघितलं, आणि त्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर एकदम तीस वर्षांपूर्वीचा कुणी तरुण माणूस येऊन उभा राहिला. ते पुन्हा लोकांकडे वळले आणि त्यांनी फक्त एक हात वर धरला. धरूनच ठेवला. गिटारवाल्याचा हातही वरच्या वर.

सूर्य वर चढत होता. अजून थोडा चढला की सगळं संपणार होतं. लख्ख उजेड, पिवळे दिवे, आणि त्यात ढोलामागे झोपलेला एक म्हातारा. मॅनेजर समोरच्या बाजूला हातवारे करत धावत होता. उठवा, उठवा. तिच्या अंगठ्याखाली बोलायचं बटण होतं. एक शब्द पुरे होता.

तिने दुसरंच बटण दाबलं. टिकटिक बंद झाली. सूर्य होता तिथे थांबला, अर्धा वर, अर्धा खाली, आणि सभागृहात पहाटेचा असतो तसा विटकरी उजेड पसरून राहिला.

कुणी हललं नाही. कुणी खोकलंसुद्धा नाही. ते किती वेळ होतं हे कुणालाच सांगता आलं नसतं, मोजणारं यंत्र तिने बंद केलं होतं. एवढी माणसं एकत्र गप्प बसलेली तिने कधी पाहिली नव्हती. टोपवाल्या गृहस्थांनी टोप काढून हातात घेतला होता. मावशींनी थर्मास मांडीवर घेतला होता. आणि या सगळ्यांच्या मधोमध तिचा बाप झोपला होता, तिच्या वाटच्या रात्री जागून, आणि एवढे लोक नकळत त्याची झोप सांभाळत होते. झोप रे बाबा, ती मनात म्हणाली. जरा झोप. एवढे सगळे आहोत आम्ही जागे.

घसाकाकांचा वर धरलेला हात थरथरायला लागला, तेव्हा तिने माइक तोंडाशी घेतला, बटण दाबलं, आणि रात्री दारातून यायचा तसा, हळू, दबक्या आवाजात बाबांच्या कानात म्हणाली,

"बाबा, ऊठ. घुबड उठलं."

दोन्ही हात एकदम वर गेले आणि धाडकन खाली आले.

तिने सूर्य सोडून दिला.

*

आतल्या खोलीत बाबा खुर्चीत बसले होते, गळ्यात टॉवेल, डोळे लाल. काकूंनी घुबडाला त्यांच्या मांडीवर ठेवलं होतं. तिचा दिवस आता सुरू होत होता, ती टक्क जागी होती आणि आजोबांचं नाक धरत होती. घसाकाका भिंतीला टेकून हसत होते, आवाज न करता, घसा सांभाळून.

"पुन्हा?" ते म्हणाले. "पुन्हा रे? त्याच गाण्यात?"

"हळू बोल," बाबा म्हणाले.

दार उघडून मॅनेजर आला. पहिल्यांदाच तो उभा होता आणि घड्याळ बघत नव्हता.

"मी तिथे समोर होतो," तो म्हणाला. "माझ्या शेजारी एक माणूस रडत होता. मी तुम्हाला शिव्या देत होतो आणि तो रडत होता. मग मीच..." त्याने वाक्य गिळलं. "सूर्य अर्धा अडवायचा, ही कुणाची कल्पना?"

लेकीने खांद्यावरचा टॉवेल सारखा केला.

"बरं, नका सांगू. झाकली मूठ तुमची." तो खाली बसला. "पण दादा, मी खरं तेच बोलणार. आजच्या शेवटच्या तीन गाण्यांत तुमचे हात थकले होते. मला दिसलं, तुम्हालाही माहितीय. तर असं करू. पुढच्या गावापासून बाकीची गाणी ती पोरगी वाजवेल. 'उजेड' तुम्ही. त्याला क्लिक नाही, काही नाही, तुम्ही याल तेव्हा याल."

लेकीला बाबांच्या तोंडाकडे बघवेना. पेडल शोधणारे ते पाय तिला दिसत होते, खुर्चीखाली, एकावर एक ठेवलेले. एक गाणं. तीस वर्षांनी, एक गाणं.

बाबा बराच वेळ घुबडाच्या मुठीतून आपलं नाक सोडवत राहिले.

"म्हणजे आधीचे दोन तास मला काम नाही," ते शेवटी म्हणाले.

"नाही."

"मागे एखादा पलंग टाकता येईल?"

घसाकाकांना आता आवाज आवरेना. मॅनेजरला काही कळलं नाही, पण त्याने मान हलवली आणि घाईने बाहेर गेला, पलंगाचं बघायला असावं.

दारात मावशी उभ्या होत्या. हातात थर्मास. आत यायचं की नाही अशा.

"या ना," बाबा म्हणाले.

"नाही, बसत नाही. बस चुकेल." त्यांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि बाबांसमोर धरला. "दर वेळी दोन कप आणते. सवय जात नाही. आज तुम्ही घ्या." बाबांनी घेतला. मावशी म्हणाल्या, "इतकी वर्षं येतोय आम्ही, कधी विचारलं नाही. ह्यांना विचारायचं होतं, मी म्हणायचे, नको, त्यांचं त्यांना असू दे. पण आजचा थांबा... आज पुरलं मला. सगळं बोलून झालं माझं ह्यांच्याशी. कुणासाठी थांबता हो तुम्ही?"

घसाकाकांचा हात आपोआप मफलरकडे गेला. पण बाबांनी त्यांच्याकडे बघितलंच नाही.

"पहिल्या वेळी मुलीसाठी होतं," ते म्हणाले. "आज नातीसाठी."

मावशींनी घुबडाकडे बघितलं, लेकीकडे बघितलं. त्यांना काय समजलं कोण जाणे. त्यांनी पदरासारखं ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं, रिकामं झाकण परत घेतलं, आणि "झोपत नाही वाटतं रात्रीची?" असं बाळाकडे बघून विचारत निघून गेल्या.

सामान भरायला अजून वेळ होता. लेकीने लॅपटॉप मांडीवर घेतला आणि ते गाणं उघडलं. थांब्याच्या जागी आठचा आकडा होता. तिने तो पुसला. यंत्राला रिकामी जागा चालेना, ते पुन्हा पुन्हा आकडा मागत राहिलं. मग तिने तिथे एक खूण घातली: इथे थांब, बटण दाबलं की पुढे जा. सूर्य अर्ध्यावर येऊन उभा राहिला.

"आज रात्री हिला मी घेते, बाबा," ती मान वर न करता म्हणाली. "तू झोप."

बाबांची मान खुर्चीच्या पाठीवर कलली होती, खालचा ओठ सुटला होता. एक हात मात्र घुबडाच्या पाठीवर तसाच होता आणि बोटं अजून हलत होती, थप थप, थप थप. काकू वाफेचं भांडं कागदात गुंडाळत होत्या, त्या थबकल्या. घसाकाकांनी ओठांवर बोट ठेवलं.

खोलीत पूर्ण जागं असं एकच माणूस होतं, आणि ते सगळ्यांकडे टक्क डोळ्यांनी बघत होतं.